रोजच्या वीस मिनिटांचा हिशेब कुणी मागितलाय?

सांगलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय सत्तेचाळीस. १९९६ साली बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाल्या. निकाल लागला त्याच आठवड्यात लग्न ठरलं आणि विलिंग्डन कॉलेजला बी.एस्सी.साठी आणून ठेवलेला फॉर्म कोराच राहिला. बारावीच्या वह्या त्यांनी ट्रंकेत जपल्या होत्या, त्या २०१९ च्या पुरात गेल्या. यजमानांचं हार्डवेअरचं दुकान आहे, घरी सासूबाई आहेत, मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. गेल्या दिवाळीत मुलानं आईच्या फोनवर गणित-विज्ञानाचं एक ॲप टाकून दिलं आणि वर्षाचे पैसे भरले. तेव्हापासून रात्री ओटा पुसून झाला की ताई रोज वीस मिनिटं ते घेऊन बसतात. तराजूच्या कोड्यांपासून सुरुवात झाली, मग बीजगणित, संभाव्यता, आणि आता लॉगॅरिदम. शाळेत न कळलेलं आता कळतंय, असं त्या लिहितात.

पण तीन गोष्टी मनाला लागल्यात. यजमान एकदा सहज म्हणाले, “यातून काय मिळणार?” नववीतल्या पुतणीनं गृहपाठातलं एक उदाहरण विचारलं, तर कागदावर एक ओळही सुचली नाही, आणि जाऊबाई तिथंच बसल्या होत्या. आणि तासगावला भाचीच्या लग्नात फोन बंद पडला, एकशे त्रेसष्ट दिवसांची सलग साखळी तुटली, तेव्हा त्या चक्क रडल्या. आता वर्गणी संपत आलीय. त्यांचा प्रश्न असा: “हे खरंच शिकणं आहे की मोबाइलचा आणखी एक नाद? बंद करू, पैसे भरू, की सरळ मुक्त विद्यापीठातून पदवीच करून टाकू, म्हणजे निदान कुणाला सांगता तरी येईल?”

प्रिय ताई,

तुमच्या चार पानी पत्रात ‘चोरी’ तीनदा आलीय. बरं वाटतं हे सांगायची चोरी वाटते, ॲप चोरून उघडता, कुणी खोलीत आलं की चोरासारखा फोन उलटा ठेवता. लॉगॅरिदमबद्दल तुम्ही दीड ओळ लिहिलीत आणि या लपवाछपवीबद्दल दीड पान. म्हणून आधी तेच बोलू.

चोरलं कुणाचं? ओटा पुसून झालाय, सासूबाईंच्या रात्रीच्या गोळ्या देऊन झाल्यात, उद्याची कडधान्यं भिजत घातलीत. उरलेली वीस मिनिटं तुमची आहेत. त्या वेळात तुम्ही मालिका बघितली असती, तर कुणी विचारलं नसतं आणि तुम्हालाही लपवावंसं वाटलं नसतं. सासूबाई हरिपाठ म्हणतात, त्यांना कुणी विचारत नाही की रोज तेच म्हणून काय मिळतं. यजमान क्रिकेटची मॅच बघतात, त्याचाही जमाखर्च कुणी मांडत नाही. मग गणितानंच काहीतरी मिळवून दिलं पाहिजे, हे कुणी ठरवलं? माझ्या मते आपल्या शाळांनी. गणित म्हणजे परीक्षा, परीक्षा म्हणजे मार्क, मार्क म्हणजे ॲडमिशन, ही गाठ लहानपणीच इतकी पक्की बसते, की ज्याला परीक्षाच द्यायची नाही त्यानं गणित करणं आपल्याला विचित्र वाटतं. मी साताऱ्यात तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे ती गाठ बांधणाऱ्यांत माझाही हात आहे.

यजमानांवर मात्र रुसू नका. दुकानदार माणूस आहे. आलेला माल कुठं जाणार, हा प्रश्न त्यांच्या तोंडी बसलेला असणार. तुम्ही तो आरोप म्हणून ऐकलात. एकदा साधा प्रश्न म्हणून ऐका आणि साधं उत्तर द्या: “मला आवडतं. दिवसभराचा शीण जातो.” एवढंही उत्तर पुरतं. त्यापुढं काही सांगावंसं वाटलं तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्याकडे येतेच.

आता पुतणीचं उदाहरण. तुम्ही ते पत्रात उतरवून पाठवलंत, हे फार बरं केलंत. दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९. अंकांची अदलाबदल केली की नवी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी होते. संख्या कोणती? तुम्ही लिहिता, “ॲपवर अशी पन्नास सोडवली असतील, मग कागद समोर आल्यावर डोकं रिकामं का झालं?” त्यावरून तुम्ही निष्कर्ष काढलात की ॲपवरचं सगळं खोटं होतं. मला तो निष्कर्ष पटत नाही. पण काहीच चुकत नाही असंही मी म्हणणार नाही.

ॲप काय करतं ते बारकाईनं पाहा. एक मोठा प्रश्न घेऊन ते त्याच्या सात-आठ लहान पायऱ्या करतं. पहिल्या पायरीवर चित्र असतं, दुसऱ्यावर एक आकडा भरायचा असतो, तिसऱ्यावर चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. चुकलात तर लगेच कळतं, अडलात तर इशारा मिळतो. हे सगळं फार विचारपूर्वक केलेलं असतं आणि त्यामुळेच तुम्हाला शाळेत न कळलेलं तिथं कळलं. पण यात एक काम ॲप तुमच्यासाठी रोज करून टाकतं, ते म्हणजे सुरुवात. कुठल्या टोकानं धरायचं, कशाला काय म्हणायचं, हे आधीच ठरलेलं असतं. कोऱ्या कागदावर नेमकं तेच तुम्हाला करायचं होतं, आणि त्याचा सराव तुम्हाला झालेला नव्हता.

दुसरं म्हणजे ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. बाजारात चेहरा दिसला की “ह्या आपल्या शेजारच्या गल्लीतल्या” हे पटकन लक्षात येतं, नाव मात्र ओठांवर येत नाही. चार पर्यायांत बरोबर उत्तर दिसलं की ते ओळखीचं वाटतं, पण पर्याय काढून घेतले की तेच आतून शोधून आणावं लागतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे निघाले. म्हणजे पुस्तक मिटून, फोन मिटून, डोक्याला ताण देऊन जे बाहेर काढलं, ते टिकलं.

आणि जाऊबाई समोर होत्या, हेही धरा की! चारचौघांत वाचा बसणं ही गणिताची कमतरता नव्हे.

मी शिकवत होते तेव्हा फळ्यापाशी येऊन गप्प उभी राहणारी मुलं मला दरवर्षी भेटायची. खडू हातात, मान खाली. मी विचारायची, “येत नाही का?” मूल आणखी गप्प व्हायचं. पुष्कळ वर्षांनी मला उमजलं की तो प्रश्नच चुकीचा होता. “यात काय काय दिलंय, तेवढं फक्त लिही” असं म्हटलं की तेच मूल लिहायला लागायचं. इतकी वर्षं इतक्या मुलांना मी उगाच ताटकळत उभं केलं, याची रुखरुख मला आजही आहे. तर ताई, तुम्हालाही तेच सांगते. उत्तराकडे बघू नका. दिलेलं लिहा.

इथं काय दिलंय? दोन अंक. दशकस्थानच्या अंकाला क्ष म्हणा, एककस्थानच्या अंकाला य. मग संख्या झाली १०क्ष + य. अदलाबदल केली की १०य + क्ष. दुसरीतून पहिली वजा करा: ९य − ९क्ष, म्हणजे ९(य − क्ष). हे २७ आहे, तर य − क्ष झाले ३. बेरीज ९ दिलेलीच आहे. दोन अंकांची बेरीज ९, वजाबाकी ३, म्हणजे ६ आणि ३. संख्या ३६. उलटी केली की ६३. आपल्या छत्तीसच्या आकड्यात दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात, ते अदलाबदल केल्याबरोबर समोरासमोर येतात. पुतणीला हे दाखवा, ती हे उदाहरण विसरणार नाही.

पण इथं थांबू नका, कारण खरी गंमत त्या ९ मध्ये आहे. कुठलीही दोन अंकी संख्या घ्या, उलटी करा, मोठीतून लहान वजा करा, उत्तर नेहमी नवाच्या पाढ्यातलंच येणार. का, ते तुम्ही आत्ताच वर पाहिलंत. तीन अंकी घेतली तर? चार अंकी घेऊन नुसती उलटी न करता अंकांचा क्रमच बदलला तर? हे प्रश्न तुम्हाला कुठल्याही ॲपनं विचारलेले नाहीत. ते एका उदाहरणातून आपोआप फुटले.

याच वाटेनं चालत गेलेला एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही, संख्यांशी खेळायचा मात्र जबरदस्त नाद. हो, नादच म्हणते. तुम्ही पत्रात तो शब्द नाक मुरडून वापरलात, मला तो तसा वाटत नाही. कापरेकरांनी १९४९ साली शोधून काढलेली गोष्ट करून बघा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. आपण २०१९ घेऊ, सांगलीकर ते साल विसरणार नाहीत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा: ९२१०. लहानाकडून मोठ्याकडे: ०१२९. वजाबाकी ९०८१. आता त्याचंच पुन्हा करा: ९८१० वजा ०१८९ म्हणजे ९६२१. पुन्हा: ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ चं केलंत तर ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. तिथून हलत नाही. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही तिथंच येऊन पोचता. वाटेतल्या प्रत्येक वजाबाकीच्या अंकांची बेरीज करून पाहा, ९०८१, ९६२१, ८३५२, ६१७४, सगळीकडे १८. पुतणीच्या उदाहरणातलाच तो ९ इथंही बसलेला आहे.

गणितातल्या गमतींवर लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर गेलं. कापरेकर तेव्हा सत्तरीचे होते. तोवरची सगळी वर्षं “यातून काय मिळणार?” हा प्रश्न त्यांनाही कुणी ना कुणी विचारला असणारच. आज ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. तुमच्या जन्मसालापासून, १९७८ पासून, निघालात तर तीनच पायऱ्यांत पोचाल. पुतणीचं साल तिला करू द्या.

मग ॲप सोडायचं का? मुळीच नको. वापरायची पद्धत थोडी बदला. शंभर पानी एक वही आणा, चांगली, घट्ट पुठ्ठ्याची. जुन्या वह्या पुरात गेल्या हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात, पण ती ओळ मी दोनदा वाचली. ही नवी वही वरच्या फळीवर ठेवा. वीस मिनिटांतली बारा ॲपला, आठ वहीला. ॲपवर प्रश्न आला की पर्याय दिसत असले तरी ते हातानं झाका आणि आधी तुमचं उत्तर वहीत लिहा, चुकीचं असलं तरी लिहा. धडा संपला की फोन बाजूला ठेवून, आज काय कळलं ते पाच-सहा ओळींत स्वतःच्या मराठीत लिहा. आणि दुसऱ्या दिवशी नवीन धडा उघडायच्या आधी कालचं एक उदाहरण कोऱ्या पानावर पुन्हा सोडवा, कुठलाही इशारा न घेता. पहिला आठवडा जड जाईल. धडे मागं पडल्यासारखे वाटतील, ॲपवरचे गुण हळू वाढतील. वाढू देत हळू.

तुम्ही लिहिलंय की इंग्रजी शब्द अडतात. मराठी माध्यमातून आलेल्या प्रत्येकाचं हेच होतं. वहीची शेवटची चार पानं शब्दांसाठी ठेवा: लॉगॅरिदमला आपण लघुगणक म्हणायचो, प्रॉबॅबिलिटी म्हणजे संभाव्यता, व्हेरिएबल म्हणजे चल, हायपोटेन्यूज म्हणजे कर्ण. शब्द ओळखीचा निघाला की पुष्कळदा अख्खा धडा ओळखीचा निघतो. बालभारतीची नववी-दहावीची गणित आणि विज्ञानाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, ती फोनमध्ये असू द्या. ॲपवरच्या धड्याचं मराठी भावंड तिथं सापडतं.

आता साखळीबद्दल. एकशे त्रेसष्ट दिवस सलग करणं ही साधी गोष्ट नाही, आणि सोळा सोमवारांत मधेच एक मोडावा तसं तुम्हाला झालं असणार, हे मी समजू शकते. पण तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मला टोचलं. शेवटच्या दीड महिन्यात कित्येकदा तुम्ही डोळे मिटत असताना, साखळी तुटू नये म्हणून सगळ्यात सोपा जुना धडा उघडून पटपट बोटं मारून झोपलात. म्हणजे त्या रात्री तुम्ही गणित करत नव्हता, आकडा राखत होता. असे आकडे ॲपमध्ये मुद्दाम ठेवलेले असतात. सुरुवातीला सवय लागायला त्यांचा उपयोग होतो, मी नाही म्हणत नाही. पण हातात आलेलं निसटण्याचं दुःख माणसाला मिळवण्याच्या सुखापेक्षा जास्त होतं, आणि त्याच धाग्यावर ती साखळी ओवलेली असते. तुमची सवय आता लागलीय. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन रात्रीची ती आठवणीची घंटी बंद करा. आठवड्यातला एक वार स्वतःच सुट्टीचा ठरवा. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असतंच, तोच धरा. आणि लग्नकार्यात, दुखण्याखुपण्यात, पाहुण्यांच्या गर्दीत खाडा झाला तर होऊ द्या. तासगावच्या मांडवात तुम्ही भाचीचं लग्न बघायला गेला होता. ते बघितलंत ना नीट?

पैशांचं आणि पदवीचं थोडक्यात सांगते. मुलाच्या खात्यातून पैसे आपोआप कापले जाणार आहेत का, हे आधी त्याला विचारा. तसं असेल तर तूर्त थांबवायला सांगा. मग एक महिना बालभारतीची पुस्तकं, तुमची वही आणि फुकट मिळणारी साधनं यांवर काढा. खान अकॅडमी विनामूल्य आहे. जिओजेब्रासुद्धा, आणि त्यात भूमितीच्या आकृत्या बोटानं ओढून हलवून बघता येतात. माझी ती फार लाडकी आहे. त्या महिन्यात जुन्या ॲपची खरोखर उणीव भासली तर पैसे भरा, स्वतःच्या हातानं भरा आणि किती भरले ते यजमानांना सांगून भरा. लपवलेल्या शंभर रुपयांचं ओझं सांगितलेल्या हजारापेक्षा जास्त असतं, हे संसारात तुम्हीही बघितलंच असेल.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि घर सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी बायकांचा तो आधार झालाय. तुम्हाला पदवी हवीशी वाटत असेल तर जवळच्या अभ्यासकेंद्रात जाऊन कुठले अभ्यासक्रम आहेत ते जरूर विचारा. पण तुमच्या वाक्याचा शेवट पुन्हा वाचा: “म्हणजे निदान कुणाला सांगता तरी येईल.” या कारणासाठी मात्र नको. पदवी घ्यायची तर पदवी हवी म्हणून घ्या. वीस मिनिटांच्या आनंदाला परवानगी मिळावी म्हणून तीन-चार वर्षांच्या परीक्षा अंगावर घेणं मला महागाचं वाटतं. भीती अशी की पुन्हा मार्क, पुन्हा पास-नापास यांत ही गोडीच जाईल. वर्षभरानंही तीच इच्छा तितकीच असेल तर मला पत्र लिहा, तेव्हा मी वेगळं बोलेन.

हे सगळं फक्त ताईंसाठी नाही. अशी तीन-चार पत्रं माझ्याकडे पडून आहेत. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, दुपारी गिऱ्हाईक नसताना फोनवर भौतिकशास्त्राची कोडी सोडवणारे कराडचे एक दुकानदार आहेत. प्रत्येकानं शेवटी तेच विचारलंय, या वयात याचा उपयोग काय. उपयोगाचं मी खरंच सांगू शकत नाही, कारण तो प्रत्येकाचा वेगळा असतो. एवढं दिसतं की फोनवरचा प्रश्न फोनमध्येच संपला तर काही दिवसांनी कंटाळा येतो, आणि तो घराबाहेर, बाजारात, नदीवर भेटायला लागला की येत नाही.

ताई, तुम्ही आत्ता लॉगॅरिदमवर आहात. सासूबाईंचं माहेर पाटणकडचं आहे असं तुम्ही लिहिलंय. आज त्या पंच्याहत्तरीच्या घरात असतील, तर ११ डिसेंबर १९६७ ची पहाट त्यांना आठवत असणारच. कोयनेचा भूकंप. विचारा त्यांना, त्या रात्री कोण कुठं झोपलं होतं, भांडी कशी पडली, बाहेर किती दिवस काढले. त्या बोलतील, खूप बोलतील. आणि मग तुम्ही त्यांना सांगा की भूकंपाच्या मापनात आकडा एकानं वाढला की जमिनीचा हेलकावा दहापट होतो आणि सुटणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट. म्हणून चारचा धक्का आणि सहाचा धक्का यांत दोनचा फरक दिसला तरी ऊर्जेत तो हजारपटीचा असतो. कोयनेचा सहाच्या वरचा होता. हेच लॉगॅरिदम. मोठमोठे आकडे हाताळता यावेत म्हणून केलेली घडी. यानंतर फोन उलटा ठेवायची गरज निदान सासूबाईंसमोर तरी उरणार नाही.

आणि यजमानांसाठी पावसाळा आहे. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत प्रत्येक दुकानात एकच विषय असतो, कोयना धरणातून किती सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट. सगळे आकडे ऐकतात, फार थोडे ते एकमेकांशी जोडतात. तुम्ही जोडा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. समजा कोयनेतून पन्नास हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे. पन्नास हजार गुणिले ८६,४०० म्हणजे ४३२ कोटी घनफूट, म्हणजे दिवसाला ४.३२ टीएमसी. धरण आहे १०५ टीएमसीच्या थोडं वर. म्हणजे चोवीस तास एवढं पाणी सोडूनही धरण चार टक्केच उतरतं, तेही वरून येणारं पाणी थांबलं तर. पाणलोटातून त्याच वेळी एक लाख क्युसेक येत असेल, तर दारं उघडी असूनही धरण दिवसाला तेवढ्याच ४.३२ टीएमसीनं भरत जातं. “एवढं सोडतायत तरी धरण भरतंयच कसं?” हा दरवर्षीचा दुकानातला वाद या चार ओळींत मिटतो. उलट दिशेनंही लक्षात ठेवा: दिवसभर सुमारे ११,५७४ क्युसेक वाहिलं की एक टीएमसी होतं.

येत्या पावसाळ्यात वहीत एक पान आडवं धरून दोन रकाने आखा. डाव्या रकान्यात कोयनेचा विसर्ग, तारीख आणि वेळेसह. उजव्या रकान्यात आयर्विन पुलाची पातळी, तीही वेळेसह. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, तिथं लाल रेघ मारून ठेवा. २०१९ ला ती रेघ ओलांडून पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. विसर्ग वाढल्यावर पुलापाशी पाणी चढायला किती तास लागतात, ते तुमचे रकानेच सांगतील. दर वेळी तेवढेच लागतात का, धोम-कण्हेर धरणांचं पाणी त्यात किती, पुलाच्या खालच्या अंगाला हरिपूरला वारणा नदी फुगलेली असली की काय फरक पडतो, हे प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपसूक उभे राहतील. आकडे यजमानांना सांगायला लावा, रोज दुकानातून येताना ते पुलाची बातमी आणतातच. आलेख पुतणीला काढू द्या. आणि जाऊबाई बसल्या असतील तर त्यांनाही एक पट्टी द्या, रेघा आखायला.